न न्हालेले हात

“राजीनामा देऊन टाक, सुचित्रा! दुर्गाताई उद्या सासरी चाललीय. आईचं करायचं कुणी?”

उंबऱ्यातच नवऱ्यानं, राजेशनं, तिला गाठलं. सुचित्राच्या खांद्यावरची पर्स तशीच राहिली... परळच्या नर्सिंग कॉलेजात शिकवण्यात उभी हयात घालवली, सुट्टीच्या दिवशीही वॉर्डात मुलींच्या पाठीशी उभी राहिली, अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमांवरचं संशोधन आता कुठं तडीस जात होतं. आणि ते सारं असं एका वाक्यात सोडून द्यायचं!

“आईंचं मी करीन. पण राजीनामा देणार नाही.”

“ती तुला हात तरी लावू देते का?”

तेच तर तिच्या काळजातलं शल्य होतं! डिलाईल रोडच्या या घरात सून म्हणून आल्यापासून, कामावरून येऊन ती न्हाल्याशिवाय गंगुबाईंनी तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. वॉर्डातले हात ते, कुणाकुणाची घाण काढलेले! संक्रांतीला हळदीकुंकवाचं तबक नणंदेच्या, दुर्गाताईच्या हाती आणि सुचित्रा स्वयंपाकघरात. हा अपमान तिनं मुकाट गिळला, पण नोकरी सोडली नाही. खुब्याचं हाड मोडून सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हाही त्यांचा एकच हेका, “माका माजी दुर्गा बघतली!”

इतक्यात आतून कण्हणं ऐकू आलं. दुर्गा आईच्या माकडहाडाशी तेल रगडत होती.

“लाल झालंय गं इथं. म्हणून रोज जोर लावून चोळते.”

सुचित्रा पर्स टाकून पुढं धावली. “ताई, थांबा! लाल जागा चोळायची नसते. आतलं मांस दुखावतं, मग जखम होते. तिथला भार काढायचा असतो.”

“अगं, मी माझ्या आईचं वाईट करीन का?” दुर्गाला रडूच फुटलं.

“नाही हो ताई... मायेपोटीच होतं हे. घरोघरी बघते मी.”

हात साबणानं स्वच्छ धुऊन ती अंथरुणापाशी बसली. “आई, आज मी आधी न्हायला जाणार नाही. हवं तर रागवा, पण मला बघू द्या!”

गंगुबाईंनी डोळे मिटून घेतले. सुचित्रानं त्यांना अलगद कुशीवर वळवलं, पाठीशी एक उशी लावली, गुडघ्यांमध्ये दुसरी ठेवली. कातडी अजून फाटली नव्हती. देवाची कृपा! हळूहळू कण्हणं थांबलं.

“ह्याच शिकवतंस तू पोरींका?”

“होय, आई.”

“मगे माका आदी कित्याक नाय सांगलंस?”

इतक्या वर्षांचं धरून ठेवलेलं पाणी सुचित्राच्या डोळ्यांतून वाहू लागलं. “तुम्ही मला कधी जवळच येऊ दिलं नाहीत, आई...”

म्हातारीनं डोळे उघडले. मग दाराकडे बघून कडाडली, “राजेशा, हय ये! बायलेकडसून शिकान घे. रातची पाळी तुजी. आनी नोकरी-बिकरी सोडूची नाय तिना, समाजला?”

राजेश मान खाली घालून आत आला. कूस कशी बदलायची, हे त्याला दाखवून सुचित्रा सवयीनं न्हाणीघराकडे वळली... आणि तिच्या पदराला ओढ बसली.

गंगुबाईंनी तो मुठीत घट्ट धरला होता.

“खय चललंस? आदी माका पाणी दी गो... तुज्या हातान.”