टाकीचं झाकण

"मेकॅनिक कुठे आहेत?"

"समोर."

त्यानं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं... मग माझ्या वेणीकडे, काळ्या झालेल्या हातांकडे, आणि कानापर्यंत लाल झाला. बाबांच्या दुरुस्तीच्या दुकानात आमची पहिली भेट ही अशी! झाडांच्या फांद्या छाटायचा त्याचा धंदा. बगलेत कुणीतरी वापरून विकलेली चेनसॉ, पेट्रोलवर चालणारी करवत. प्लग काळा पडला होता, कार्ब्युरेटर तुंबला होता. मी दोन्ही साफ करून दोरी ओढली, तशी करवत गुरगुरली. तो मात्र करवतीकडे बघतच नव्हता.

आठवड्यात परत आला. "चालते... पण आठ-दहा मिनिटांत बंद पडते." मी पेट्रोलची नळी बदलली, फिल्टर बदलला, दोन मिनिटं चालवून पाहिली आणि दिली. पुढच्या आठवड्यात स्वारी पुन्हा हजर!

"एकच मशीन तिसऱ्यांदा?" बाबांचा आवाज चढला. "आज हे दहा मिनिटं चाललं नाही, तर उद्यापासून तुझ्या टेबलावर तुझा आतेभाऊ बसेल."

ते टेबल मी तीन वर्षं भांडून मिळवलं होतं.

बाबा घड्याळ घेऊन उभे राहिले. मी दोरी ओढली. पाच मिनिटं... सात... आठव्या मिनिटाला इंजिन खोकलं आणि थांबलं. बाबांनी माझ्या टेबलाकडे नजर टाकली.

"थांबा, बाबा." मी टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स! हवा आत ओढली गेली. पेट्रोल संपेल तशी हवा आत जावी म्हणून झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं होतं. मी नखानं खरवडलं... मेण. पांढरं, ताजं मेण!

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सांगितलं तर टेबल वाचणार, पण बाबा त्याला पुन्हा दुकानाची पायरी चढू देणार नाहीत. मला ते नको होतं — आणि हे कळल्यावर तर आणखीच संताप आला.

"बाबा—"

"काका, मेण मी लावलं," तो मध्येच बोलला. "पहिल्याच दिवशी मशीन ठणठणीत झालं होतं. यांच्या हाताला दोष देऊ नका. मला... पुन्हा यायला काही कारणच सापडत नव्हतं."

बाबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "आधी चालवून दाखव," ते मला म्हणाले.

पिनेनं भोक मोकळं केलं. आठ... दहा... बारा मिनिटं! बाबांनी घड्याळ खिशात टाकलं. "टेबल पुसून घे. तुझंच आहे," म्हणत ते आत गेले.

"माझं टेबल गेलं असतं, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. चुकलो... आता मशीन ठीक आहे. म्हणजे — मी निघू?"

मी उरलेलं पेट्रोल डब्यात ओतलं, करवत त्याच्या हातात दिली आणि झाकण माझ्या खिशात टाकलं.

"झाकण?"

"त्यात दोष आहे. बघावं लागेल." हसू काही आवरेना. "उद्या पाचला न्यायला ये."

तो दारात अडखळला. "ये?... तुम्ही आत्ता मला 'ये' म्हणालात?"

"पाचला," मी म्हणाले. "उशीर करू नकोस."