खालचा जबडा

मोबाईल खिशात घाला आणि शेकोटीला जरा सरकून बसा. भुतावर माझा विश्वास नाही, पण गोकुळवर आहे. बारामतीत तो दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देतो. माझीही कवळी त्याच्याच हातची, म्हणून तर तुमच्या बरोबरीनं हुरडा खातोय. वीस वर्षांच्या ओळखीत तो माझ्याशी एकदाही खोटं बोललेला नाही. ही गोष्ट त्यानं मला एकदाच सांगितली, पुन्हा विचारली तर उठून जातो.

दोन वर्षं झाली. जानेवारी महिना, मंगळवार. दातांच्या एका डॉक्टरांनी गोकुळला एक काम सांगितलं. कळंबकडं एका पडीक विहिरीचा गाळ काढताना माणसाची हाडं निघाली होती. पाण्यात इतकी कुजलेली, की पुण्याच्या तपासणीतही काही हाती लागलं नाही. बाकीची हाडं पोलिसांनी बेवारस म्हणून पुरली आणि खालचा जबडा तेवढा दातांसकट ठेवून घेतला. त्या गावचे सर्जेराव चार वर्षांपूर्वी रात्री पाण्याची मोटार चालू करायला म्हणून गेले होते, ते परतलेच नव्हते. त्याआधी कधीतरी त्यांना वरच्या दोन दाढा बसवायच्या होत्या, तेव्हा गोकुळनं त्यांच्या दोन्ही जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे केलेले. हा गडी साचे फेकत नाही, नाव लिहून सफरचंदांच्या खोक्यात ठेवतो. खालचा साचा घेऊन ठाण्यात जायचं आणि जबड्याशी ताडून बघायचं. जुळला तर दाखला डॉक्टर देणार होते.

ठाण्यात पोचेपर्यंत दिवस मावळला. हवालदारानं डबा उघडला. गोकुळनं जबडा साच्याशेजारी ठेवला. समोरचा एक दात शेजारच्यावर चढलेला, उजवीकडची एक दाढ काढलेली आणि तिच्या मागची त्या खड्ड्याकडं कललेली. तिन्ही खुणा दोन्हीकडं सारख्या. शंकेला जागाच नव्हती. हवालदार वही आणायला आत गेला, तशी दाराशी उभी असलेली बाई पुढं आली. ती सर्जेरावांची बायको, कुशाबाई. गोकुळचं तोंड बघूनच ती काय ते समजली होती.

"दादा, न्हाय म्हना," ती म्हणाली. "पंधरा दिसांवर माझ्या राजनंदिनीचं लगीन हाय. माझं कुंकू गेल्यावर मांडवात मला हळदीला हात लावू देतील का? सोयरीक मोडंल वो. तुमी न्हाय म्हनलं की झालं."

गोकुळला दोन पोरी. हवालदार आला तेव्हा गोकुळ म्हणाला, "न्हाय जुळत." वहीत तसं लिहिलं गेलं. मग उद्या हेही पुरून टाकू, असं हवालदार म्हणाला. खरं सांगतो, त्या जागी मीही तेच बोललो असतो. जित्या पोरीचं लग्न मोठं, मेलेल्याचं काय जातंय, असंच कुणालाही वाटणार.

जंक्शन गावात मित्राकडं जेवून निघायला त्याला उशीर झाला. कन्हेरी फाट्याच्या अलीकडं त्याची मोटारसायकल आली तेव्हा रात्रीचे पावणेअकरा झाले होते. उसाची एक ट्रॉली समोरून गेली आणि मग रस्ता मोकळा झाला. कडेला एक माणूस उभा होता, तोंडाला टॉवेल गुंडाळून. थंडीचे दिवस, त्यात नवल काही नाही. त्यानं हात केला. गोकुळनं गाडी थांबवली.

"कुठं जायचंय पाव्हणं?"

माणूस मागं बसला. गाडी जराही दबली नाही, हे गोकुळच्या ध्यानात नंतर आलं.

"बारामतीला का?"

"…"

घशातून नुसती हवा आली. शब्द नव्हता.

थोडं पुढं गेल्यावर पाठ ओली लागायला लागली. घाम नव्हे. गार पाणी. मग वास आला. गाळाचा.

"नाव काय तुमचं?"

"अ… अ…"

मागून हात आला. गोकुळच्या हनुवटीवर. त्याचा ओठ खाली ओढला. एक बोट आत गेलं. खालच्या दातांवरून फिरलं. सावकाश. एकेक दात चाचपत. या टोकापासून… त्या टोकापर्यंत.

गोकुळनं आरशात पाहिलं.

टॉवेल सुटला होता. नाक होतं. वरचे दात होते. त्याखाली…

त्याखाली काही नव्हतं.

गाडी चरात गेली. उठला तेव्हा रस्त्यावर तो एकटाच.

सकाळी आठला गोकुळ परत ठाण्यात हजर. हवालदाराच्या शिव्या खाल्ल्या आणि खरं ते सांगितलं. जबडा अजून पुरला नव्हता. डॉक्टरांनी दाखला दिला, पुरलेली हाडं वर काढली आणि जबड्यासकट सर्जेरावांना अग्नी मिळाला. राजनंदिनीची सोयरीक मुलाकडच्यांनी मोडली. कुशाबाईनं गोकुळकडं पाठ फिरवली. तरीही अग्नी दिला त्या रात्री तो तिच्या अंगणात बसून राहिला. त्याला घरी जाववलं नाही.

आत रीतीप्रमाणं दिव्यापाशी पीठ पसरलं, एक अख्खी भाकरी ठेवली आणि वर टोपली पालथी घातली. गेलेल्या माणसाचं पाऊल पिठात उमटतं म्हणतात. दार लावून कुशाबाई रात्रभर टोपलीजवळ बसून होती. पहाटे तिनं टोपली उचलली. मग दार उघडून गोकुळला आत बोलावलं.

पीठ होतं तसं होतं. साधा ओरखडा नाही. भाकरीचा मात्र एक घास गेला होता.

उंदीर कुरतडतो, पोरांनो, चावा घेत नाही. गोकुळ खाली वाकला. जन्मभर दातांचे ठसे बघितलेला माणूस तो. वरच्या बाजूला वरचे दात उमटले होते. त्यानं भाकरी हळूच उलटली…

खालचेही होते.