वळण आलं की सांगा

“काका, पुढे डावीकडे वळण आहे. अंग उजवीकडे फेकल्यासारखं होईल. लेकीचा हात घट्ट धरा… हं, आलं बघा.”

आलं. बाबांनी हात असा आवळला की त्यांची नखं तिच्या तळव्यात रुतली. मांडीचं हाड मोडलेला माणूस स्ट्रेचरला पट्ट्यांनी बांधलेला होता, पण वळणाला त्याचं काय? बाबा ओरडले. घरात कधी आवाज न चढवलेला माणूस, लहान मुलासारखा ओरडला.

“संपलं, काका. आता दवाखान्यापर्यंत सरळ आहे. माझा शब्द.”

अ‍ॅम्ब्युलन्सच्या मधल्या काचेतून तिला ड्रायव्हरची फक्त मान दिसत होती. आणि आरशातले डोळे. ते रस्त्यावरून क्षणभर उठले… तिच्यावर टेकले.

“तुम्ही बऱ्या आहात ना?”

सकाळी बाबा जिन्यावरून पडल्यापासून दहा जणांनी तिला दहा सल्ले दिले होते. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. तिला एकदम रडू फुटलं.

दवाखान्यात त्या ड्रायव्हरला सगळे ‘सांग्या’ म्हणत. खड्डा असो, गतिरोधक असो, वळण असो, मागच्या पेशंटला आधी सांगितल्याशिवाय हा गाडी पुढे काढायचा नाही.

“बेशुद्ध माणसालाही सांगतो हा!” नर्स हसून म्हणाली.

“बेशुद्ध माणसाला कशाला?” तिनं विचारलं.

सांग्यानं कान खाजवला. “त्याला ऐकू येत नाही, हे आपल्याला काय माहीत?”

बस. प्रेमात पडायला याहून फुटकळ कारणं लोकांना पुरलेली आहेत.

“तुमचे आभार कसे मानू…” ती म्हणाली.

“आभार राहू द्या. ते वळण ज्यानं काढलंय ना, त्याला एकदा असाच बांधून न्यायचाय मला. तेवढा माणूस शोधून द्या.”

ती हळूच म्हणाली, “त्या रस्त्याची फाइल… माझ्याकडेच आहे.”

“काय?!”

“मी नाही हो काढलं! जुनं आहे ते. आता रस्ता रुंद करायचाय, म्हणून माझ्या टेबलावर आलंय. मी रस्त्याच्या रेषा आखते, कॉम्प्युटरवर.”

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच, आरशाशिवाय. “मग मॅडम, एवढी एक रेषा सुधारा. बाकी काही मागत नाही.”

तपासणीसाठी बाबांना पुन:पुन्हा त्याच रस्त्यानं न्यावं लागलं. दर वेळी सांग्या, दर वेळी ते वळण. आणि एके दिवशी बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. “मी येणार नाही. पाय वाकडा राहिला तर राहू दे. त्या वळणावरून मला नेऊ नका.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं फाइल उघडली. पडद्यावर रस्त्याची मधली रेषा: एक सरळ तुकडा, मग गोलाचा तुकडा, मग पुन्हा सरळ. सरळ संपलं की तिथंच गोल सुरू. हळूहळू वळत जाणारा जो तुकडा मध्ये हवा, तो कुणी घातलाच नव्हता. आळस, दुसरं काय! एका माणसानं दोन क्लिक वाचवले, आणि वर्षानुवर्षं मोडकी माणसं तिथं ओरडत गेली. त्याचं नाव कुठंही लिहिलेलं नसतं. चूक करणाऱ्याचंही नसतं, सुधारणाऱ्याचंही नसतं.

तिनं तो गोल पुसला. दोन्ही बाजूंना सावकाश वळणारे तुकडे घालून नवा बसवला. झालं… असं वाटलं, तर सगळं वळण हातभर आत सरकलं आणि थेट आतल्या बाजूच्या गोदामाच्या भिंतीत घुसलं. मग तिनं दोन सरळ रेषा जिथं एकमेकींना मिळतात तो बिंदू पकडला आणि बाहेरच्या रिकाम्या सरकारी जागेकडे थोडासा ओढला. वळण भिंतीतून अलगद सुटलं. पण रेषेचं असं असतं, एक बिंदू हलवला की पुढचे सगळे आकडे हलतात. पुढची रस्त्याखालची प्रत्येक मोरी, प्रत्येक फाटा तिनं पुन्हा जागेवर बसवला.

साहेब भडकले. “कुणी सांगितले होते हे उद्योग? जुनी रेषा ठेवायची, दोन्ही बाजूंनी वाढवायची, मोकळं व्हायचं! रस्त्यानं जाणाऱ्यांना काही कळत नसतं.”

हे वाक्य बोलणारा माणूस नेहमी गाडीच्या पुढच्या सीटवर, काचा वर करून बसलेला असतो.

त्याच आठवड्यात साहेब आणि ती जागा बघायला गेले. भुरभुर पाऊस होता. परतताना ऑफिसची जीप पंक्चर झाली आणि मागून एक रिकामी अ‍ॅम्ब्युलन्स येऊन थांबली. योगायोग नव्हता, तिनं फोन केला होता. खोटं कशाला बोला.

“या, साहेब,” सांग्या म्हणाला. “पुढे एकच सीट आहे, ती मॅडमची. तुम्ही मागे आडवे व्हा.”

“आडवा?”

“बसायची फळी खिळखिळी होती, परवा मोडली. वर्षभर अर्ज देतोय.”

साहेब कुरकुरत स्ट्रेचरवर पडले. ती पुढे बसली. वायपर काचेवरून फिरत होता, सांग्याचा कोपर तिच्या कोपरापासून वीतभर लांब होता, आणि दोघंही हसू दाबत होते. वळण आलं. आज सांग्या काही बोलला नाही.

मागून धप्पकन आवाज आला, आणि एक शिवी.

“आधी सांगायचं नाही का!”

“पेशंटला सांगतो, साहेब. तुम्ही तर धडधाकट.”

मागे कोपर चोळत साहेब म्हणाले, “भिंत वाचतेय ना तुझ्या त्या रेषेनं? मग… पाठव मंजुरीला.”

त्या संध्याकाळी दवाखान्याच्या कँटीनमध्ये तिनं सांगून टाकलं, “मला तुम्ही आवडता.”

सांग्याचा चहा हातातच राहिला.

“मॅडम… आभार मानणारे मला रोज भेटतात. रडतात, पाया पडतात, म्हणतात तुला जन्मात विसरणार नाही. माणूस बरा झाला की ओळखसुद्धा देत नाहीत. राग नाही माझा. पण तुम्ही… तुम्ही ओळख दिली नाहीत, तर मला नाही सोसायचं.”

“म्हणजे माझं मन मला कळत नाही?”

“कळतं. पण आधी हे आभाराचं देणं फिटू दे. मग उरलं काही, तर बोला.”

तिला असा राग आला! आणि त्या रागातही तो बरोबर वाटला, म्हणून आणखी आला.

“ठीक आहे. फिटल्यावर बोलते.”

बाबांना कसंबसं समजावून सांग्याच नेत राहिला, गोगलगायीच्या चालीनं. हाड जुळलं. रस्ता खणला गेला, चिडचिड झाली, धूळ उडाली, डांबर पडलं. पुढल्या वर्षी मोडलेल्या हाडात बसवलेली सळई काढायची वेळ आली, तेव्हा बाबा पुन्हा त्याच स्ट्रेचरवर होते. डोळे गच्च मिटलेले, हातात लेकीचा हात.

“वळण आलं की सांग रे.”

“सांगतो, काका.”

तिला त्या रस्त्याचा मीटर न् मीटर पाठ होता. इथं सरळ संपतं… इथून वळायला लागतं… तिनं मधल्या काचेशी वाकून सांग्याच्या हातांकडे पाहिलं. स्टिअरिंग झटक्यानं फिरलं नाही, हळूहळू कलत गेलं, झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तसं, आणि तसंच परत आलं. शेजारच्या बाटलीतलं पाणी जरासं कललं, इतकंच.

“अरे सांग्या, झोपलास का? वळण कधी यायचंय?”

“गेलं, काका.”

बाबांनी डोळे उघडले. “गेलं?… कुणी केलं रे हे? देव भलं करो त्याचं.”

“तुमच्या लेकीनं,” सांग्या म्हणाला. “काका, किती माणसं नेतो मी इथून, आता कुणीही ओरडत नाही. त्यांना माहीतही नाही कुणाचे आभार मानायचे. म्हणून मीच मानतो. रोज, इथं आलो की, मनातल्या मनात.”

तिनं आरशात पाहिलं. ते डोळे तिच्यावरच होते, आणि ओले होते.

“मग फिटलं ना माझं देणं?” ती म्हणाली. “आता मी काही तुमच्या उपकारात नाही. उलट तुम्हीच माझ्या आहात. आता जे बोलणार आहे, ते आधी सांगून ठेवते, दचकायचं नाही. मला तुमच्याशी लग्न करायचंय.”

गाडी कडेला थांबली.

“थांबलास कशाला?” बाबा खेकसले. “हो म्हण आणि चल. डॉक्टर खोळंबलेत.”

“हो,” सांग्या म्हणाला. मग पुन्हा एकदा, नीट, आरशात बघून, “हो.”

गाडी सुरू झाली. थोडं पुढे गेल्यावर सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, “काका, पुढे खड्डा आहे हं.”

“मला काय सांगतोस?” बाबांनी हात सोडवून घेतला आणि आरामात पोटावर ठेवला. “तिला सांग. आता जन्मभर तिलाच सांगायचं.”