सरळ घरी येऊ नये

मारिविकचं घर स्टॉकहोमच्याही उत्तरेला, लुलेओ शहराच्या कडेला, तीन मजली इमारतीत सगळ्यात वर होतं. दोन खोल्या, दारातल्या पत्रांच्या फटीवर तिचं नाव, आत शिरल्याबरोबर बूट काढायला जाड पायपुसणं. सकाळी ती वृद्धाश्रमात कामाला जाई. तिथल्या म्हाताऱ्यांना उठवून, धुऊनपुसून, कॉफी पाजून दुपारी परत येई आणि भात लावी. खालच्या मजल्यावर सिक्स्टन नावाचे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ एकटे राहत. ज्या दिवशी ती सुकी मासळी तळी त्या दिवशी ते जिन्यात नाक चिमटीत धरून म्हणत, "आज समुद्र घरी आलाय वाटतं!" तीही हसे. सगळं सुरळीत चाललं होतं, फक्त कार्ड तेवढं यायचं होतं.

कामाच्या परवान्यावरची वर्षं भरली होती आणि कायमच्या परवान्याचा अर्ज तिने वसंतातच केला होता. मग जुन्या कार्डाची मुदत संपली. अशा वेळी राहता येतं, कामही करता येतं, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की परत आत घेतील याचा भरवसा नाही. तिच्या ओळखीतले सगळेच या दिवसांतून गेलेले. या दिवसांत कुणी भावाच्या लग्नालासुद्धा जात नसे. जीव टांगणीला लावून बसायचं आणि फटीतून पत्र पडल्याचा आवाज ऐकायचा.

तिकडे मनिलापलीकडे, इलोइलोजवळच्या गावात तिची आई एकटी होती. दर रविवारी फोनवर एकच सांगे, "घाई करू नको, मारी. कार्ड घेऊनच ये." म्हातारीला सरकारी खिडकीचं भारी भय. पोस्ट असो की दवाखाना, आपला नंबर आला की ती एक पाऊल मागे सरके आणि मागच्याला म्हणे, "तुम्ही जा आधी." लहानपणी हात धरून उभ्या असलेल्या मारिविकला याचा फार राग येई. आता मात्र तिने मनाशी ठरवलं होतं, कार्ड आलं की पहिलं विमान आईकडे.

नोव्हेंबरच्या शेवटी आई गेली. दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही.

मारिविक जाऊ शकली नाही. तिकीट काढायला घेतलं, आणि दालिसायने तिच्या हातून फोन काढून घेतला. दालिसाय तिच्याच वृद्धाश्रमातली, वयाने मोठी, कायमचं कार्ड केव्हाच मिळालेली. "चार वर्षं पाण्यात घालणार आहेस का?" ती म्हणाली. "आईनंच तुला नको म्हटलं असतं." ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मारिविकला ते जन्मभर डाचणार होतं.

मग ती फोनवरूनच आईच्या सोबतीला बसली. आमच्या बेटांवर माणूस गेलं की काही दिवस घरातच ठेवतात. शेजारीपाजारी येऊन बसतात, पत्ते खेळतात, खातात, रडतात. मावसभावाने फोन शवपेटीच्या काचेजवळ धरला आणि इकडे मारिविकने आपला फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर भाताच्या कुकरला टेकवून ठेवला. आईला निळा झगा घातला होता. पायांत काही नव्हतं, जन्मभर घातलेल्या रबरी चपलासुद्धा नव्हत्या. पुरिंग मावशी काचेवर डोळ्यांतलं पाणी पडू नये म्हणून मान वळवून रडत होती. मारिविक खूप वेळ बघत राहिली, मग फोन बंद केला, भांडी घासली आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या सुट्टीत दालिसायने विचारलं, "मग नंतर कुठं गेलीस?"

"कुठं जाणार? घरीच तर होते."

"म्हणजे दुकानात नाही, पेट्रोल पंपावर नाही, कुठंच नाही?"

"ताई, फोनवर बघितलं मी. घरातून निघालेच नव्हते तर थांबणार कुठं?"

दालिसायने कप खाली ठेवला. मयताच्या घरून निघालं की सरळ आपल्या घरी येऊ नये, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. वाटेत कुठेतरी थांबायचं, बसायचं, काहीतरी खायचं-प्यायचं. मागे लागलेलं माणूस तिथे चुकतं आणि आपल्या वाटेने जातं. याला पगपग म्हणतात, म्हणजे अंगावरून झटकून टाकणं. मारिविकने आपलं मयताचं घर स्वतःच्या टेबलावर मांडलं होतं आणि तिथेच झोपली होती.

"जाऊ दे गं," दालिसाय घाईने म्हणाली. "एवढ्या लांब कोण येतंय? आणि ते पण व्हिसाशिवाय!" दोघी हसल्या. दालिसाय जरा जास्तच हसली.

आधी भात बदलला. मारिविक पेल्याने पाणी मोजून भात लावी, तो मोकळा होई. आता तो मऊ होऊ लागला, आई बोटाच्या पेराने पाणी मोजून करायची तसा. तिला वाटलं कुकर बिघडला. मग दिवाणखान्यात पुदिन्याच्या तेलाचा वास येऊ लागला, कपाळाला चोळायच्या हिरव्या बाटलीतल्या तेलाचा. ती बाटली तिच्या घरात नव्हती.

मग ताटली. न्याहारीच्या ताटलीवर एक निळा मासा रंगवलेला होता. ती घाईत ताटली टेबलावरच ठेवून निघे, माशाचं तोंड खिडकीकडे. परत येई तेव्हा ते दाराकडे वळलेलं असे. जेवताना कुणी उठून निघालं तर मागे राहिलेल्याने ताटली फिरवायची, म्हणजे गेलेला माणूस सुखरूप पोचतो. आईने हे कधीच चुकवलं नव्हतं. मारिविक शाळेला निघाली तरी ती ताटली फिरवायची.

एका दुपारी जिन्यात सिक्स्टननी तिला थांबवलं. या वेळी नाक धरलं नव्हतं.

"तुमच्याकडे कुणी राहायला आलंय का?"

"नाही. का?"

"तुम्ही कामावर असता तेव्हा वर चपला वाजतात. रबरी. स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत, परत स्वयंपाकघर." त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि घाईने म्हणाले, "तक्रार नाही हो माझी. उलट बरं वाटतं. इमारतीत दिवसभर कुणी नसतं."

मारिविक घरात आली, बूट काढले आणि दाराशी तशीच उभी राहिली. तिला भीती वाटली. आणि भीतीच्या खालून, तिला स्वतःलाच लाज वाटावी इतका आनंद झाला.

त्याच आठवड्यात पुरिंग मावशीचा फोन आला. "तुझी आई कुणाच्या स्वप्नात नाही आली गं. नवव्या दिवशी तिच्या नावानं ताट वाढलं, पण घर कसं रिकामं रिकामं. तुझ्या वडिलांच्या शेजारी पुरलीय, तरी मला आपलं वाटतं, ती तिथं नाहीच." मग तिने हळूच विचारलं, "मारी, तिकडे सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे, मावशी."

दालिसायला तिने सगळं सांगितलं. दालिसाय ऐकताना एकदाही हसली नाही. "अजूनही झटकता येईल," ती म्हणाली. "घरातून नीघ, कुठंतरी थांब, खा आणि मग दुसऱ्या रस्त्यानं ये. तिलाही तिच्या जागी जायला हवं की नको?"

मारिविक गेली. हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत चालत गेली. दुपारीच अंधारून आलं होतं, बर्फ ढिगाने साचलं होतं. तिच्या मागून, तिच्या बुटांच्या आवाजात मिसळून, चपलांचा हलका चटचटाट येत होता. पंपावरच्या खिडकीत तिने सॉसेज मागितलं. पोऱ्याने ते पावात घालून पुढे केलं, आणि तिच्या डोळ्यांपुढे आई उभी राहिली. जन्मात बर्फ न पाहिलेली, निळ्या झग्यातली आई, या पंपावर, ओळखीचं कुणी नाही, रस्ता विचारायला भाषा नाही. इथे सोडायचं हिला?

तिने ते सॉसेज तसंच कचऱ्यात टाकलं आणि सरळ घरी आली. दार उघडल्यावर ते क्षणभर उघडंच धरून ठेवलं.

"कार्ड आलं की मीच तुला घेऊन जाईन," ती मोठ्याने म्हणाली. "बाबांच्या शेजारी. तोवर राहा."

कार्ड मार्चमध्ये आलं. दालिसायने केक आणला, सिक्स्टननी जिन्यात हात मिळवला. "आता तुम्ही इथल्याच," ते म्हणाले. मारिविकने कार्डाकडे पाहिलं. फोटोत ती फार थकलेली दिसत होती. तिला रडू आलं, आणि सगळ्यांना वाटलं आनंदाने आलं.

तिकीट काढताना तिच्या ध्यानात आलं. लुलेओहून स्टॉकहोम, तिथून आखातातला एक विमानतळ, मग मनिला, मग इलोइलो. सरळ विमान नव्हतंच. घरी जायच्या वाटेवर नुसते थांबेच थांबे होते.

"थांबायचं नाही," ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "मी कुठंही बसणार नाही, काही खाणार नाही. तू नुसती माझी बाही धर."

निघायच्या सकाळी तिने टेबलाकडे मुद्दाम पाहिलं. माशाचं तोंड खिडकीकडेच होतं. मागे कुणीही राहत नव्हतं.

स्टॉकहोमला ती उभीच राहिली. विमानात ताट परत पाठवलं. पुदिन्याचा वास सारखा सोबत होता. आखातातल्या विमानतळावर पुढच्या विमानाला फार वेळ होता आणि ती येरझारा घालत राहिली. पाय सुजले, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. चहाच्या दुकानातली बाई मघापासून तिच्याकडे बघत होती. शेवटी ती आपल्या भाषेत म्हणाली, "अहो बाई, पडाल! बसा की जरा." तिच्या छातीवर मेर्सी असं नाव होतं. आपली भाषा कानावर पडली आणि मारिविक थांबली. ती बाकावर बसली.

मेर्सीने आल्याचा गरम चहा आणला. एक पेला तिच्यापुढे ठेवला, एक तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेपुढे.

मारिविकने त्या दुसऱ्या पेल्याकडे पाहिलं. म्हणजे हिला आई दिसते! तिला इतकं बरं वाटलं की ती बाकी सगळं विसरली. तिने पेला तोंडाला लावला आणि शेवटच्या घोटापर्यंत चहा प्याली.

विमानात बसल्यावर तिने खोल श्वास घेतला. साबणाचा वास, कुणाच्या तरी अत्तराचा वास. बाकी काही नव्हतं.

गावी ती थडग्यापाशी गेली, मेणबत्त्या लावल्या, आईला हाका मारल्या. मावशी शेजारी उभी होती, निघण्याआधी मारिविकने तिला फोनवर सगळं सांगून टाकलं होतं. "आणलीस का गं?" मावशीने विचारलं. मारिविकने मान खाली घातली. मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

सुट्टी संपली. परतीच्या वाटेवर आखातात उतरताच ती धावत त्या चहाच्या दुकानाकडे गेली. मेर्सीने लांबूनच ओळखलं.

"आलात? बरं झालं बाई! तुमच्या आजीबाई..."

"आई."

"त्या दिवशी तुम्ही उठून गेलात आणि त्या बसूनच राहिल्या. मला वाटलं त्यांचं विमान वेगळं. पण माझी पाळी असते तेव्हा त्या तिथंच असतात. काही घेत नाहीत. कुठं जायचंय विचारलं, तर म्हणाल्या..." मेर्सीने बाकाकडे पाहिलं. "म्हणाल्या, मुलगी चहा पितेय."

बाक रिकामा होता. मारिविक त्याच्यासमोर उभी राहिली, बसली नाही.

पुदिन्याचा वास आला.

"चल, आई," ती म्हणाली. "चल. आता कुठंही नाही थांबायचं."

मागे रबरी चपला वाजू लागल्या. लांबलचक दालन, सरकते पट्टे, दुकानं. ती मागे वळली नाही. आवाज सुटला नाही.

स्टॉकहोमच्या विमानाच्या दाराशी ती सगळ्यांत शेवटी पोचली. तिच्यामागे रांगेत कुणीच नव्हतं. काउंटरवरच्या तरुणाने पासपोर्ट पाहिला, कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"कायमचं. छान," तो म्हणाला आणि दोन्ही परत दिली.

हात त्याने मागे घेतला नाही. तो तिच्या शेजारी वळवला, थोडा खाली, बुटक्या माणसापुढे धरावा तसा.

"आणि यांचं कार्ड?"

चपला एक पाऊल मागे सरकल्या.