सत्तावीस नंबरचा बिल्ला

इरा, तो फोन खाली ठेव. आणि मयुरेश, भूत म्हटलं की दात काढायचे नाहीत. हे घडलेलं आहे. इथेच, स्टुटगार्टमध्ये, माझ्या ओळखीच्या माणसाला.

त्याचं नाव चंद्रशेखर. नौदलात माझ्या हाताखाली होता, इंजिनरूममध्ये. पंधरा वर्षं काढून सुटला आणि इकडे एका कारखान्यात इंजिनं तपासायला लागला.

मागच्या वर्षीची सोळा नोव्हेंबर. शनिवार, रात्रीचे पावणेदहा. त्या आठवड्यात केरवोखं त्याच्याकडे होतं. तुम्हाला माहीतच आहे, पाटी ज्याच्या दारावर, त्याने जिना आणि तळघर झाडायचं, आणि झालं की पाटी शेजाऱ्याच्या दारावर लावून मोकळं व्हायचं. पठ्ठ्याने दिवसभर टाळलं आणि रात्री झाडू घेऊन तळघरात, केलरमध्ये उतरला.

झाडता झाडता बॉयलरच्या खोलीचं लोखंडी दार वाजलं. आतून. ठक, ठक, ठक.

तो का गारठला, ते कळायला आधी दोन हजार आठचं ऐका. एका परदेशी नौदलाबरोबर आमचा संयुक्त सराव चालू होता. जहाजावर नियम असा, की रिकाम्या टाकीत उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला बाहेरच्या हुकावर टांगायचा. वर आला की स्वतःच काढायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हुक मोकळा दिसल्याशिवाय झाकण लावायचं नाही.

त्या दिवशी आग लागल्याची तालीम होती. पाहुणे अधिकारी घड्याळ धरून उभे. सगळी झाकणं लागली, एकच राहिलं. हुकावर सत्तावीस नंबर. गौरांगचा, चंद्रशेखरच्या जोडीदाराचा. चंद्रशेखरने आत हाक मारली. उत्तर नाही. वर येऊन बिल्ला विसरला असेल, असं म्हणून त्याने तो खिशात घातला आणि झाकण आवळलं. आम्ही वेळेआधी मोकळे झालो. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

गौरांग आतच होता.

चाळीस मिनिटांनी उघडलं...

चौकशीत चंद्रशेखर म्हणाला, बिल्ला टांगलेलाच नव्हता. बिल्ला त्याने समुद्रात टाकला आणि चूक गौरांगच्या नावावर लागली. गौरांगची बहीण अपूर्वा दरवर्षी विचारायची, ‘‘दादा इतका काटेकोर, बिल्ला कसा विसरला?’’ हा दरवर्षी लिहायचा, ‘‘विसरला खरा.’’ त्या शनिवारीही तेच लिहून खाली उतरला होता.

त्याने दार उघडलं. आत कुणी नाही.

दिवा गेला. केलरमधले दिवे आपोआप जातात, त्यात काही नाही. पण अंधारात... कुणीतरी धापा टाकत होतं. अगदी कानाशी.

‘‘शेखर... हुक बघितलास?’’

तो धावत वर आला. त्याच्या दारावर पाटी नव्हती. खिळ्याला बिल्ला लटकत होता. पितळी. सत्तावीस. ओला.

तिथेच पायरीवर बसून त्याने अपूर्वाला फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं. मान वर केली तर खिळा मोकळा.

सगळं सांगितलं... एक सोडून. झाकण आवळताना त्याच्या शेजारी कोण उभं होतं, ते नाही सांगितलं.

मी होतो.

बिल्ला खिशात जाताना मी पाहिला. चौकशीत मला विचारलं, तर मी म्हणालो, लक्ष नव्हतं. बढती तोंडावर आली होती रे. आणि त्या पोराने आजपर्यंत माझं नाव घेतलं नाही. लाज वाटते. सतरा वर्षं झाली, आरशात धड बघवत नाही.

आज केरवोखं आपल्याकडे होतं. जिना झाडून संध्याकाळीच मी पाटी समोरच्यांच्या दारावर लावून आलो. मग आपल्या दारावर मघापासून काय वाजतंय?

जा मयुरेश. बघ.

...

सत्तावीस आहे ना?

...

ओला?

इरा, अपूर्वाचा नंबर लावून दे गं. तिकडे भारतात रात्रीचे अडीच वाजलेत, माहीत आहे मला. लाव.

आणि मयुरेश, तो हातात का घेतलास? परत टांग. ज्याचा त्यानेच काढायचा असतो.