साडेचार-एकोणीसचे टायर

संस्थान विलीन होऊन दोनच वर्षं झाली होती. फौजेतले कॅप्टन जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब यांचा हुद्दा गेला होता, जुनी मोटार तेवढी उरली होती. तीही परदेशीपुऱ्याच्या चढावर बंद पडली आणि त्यांची लेक भानुमती खाली उतरली ती थेट बाळकृष्ण मिस्त्रीच्या गॅरेजसमोर.

"हिची चाकंच जड आहेत जी, लाकडी आऱ्यांची," तो म्हणाला. "तारांची हलकी लावली तर हरणासारखी पळेल."

"पळून... जाणार कुठे?" तिनं विचारलं. गडी कानापर्यंत लाल झाला.

मग दर मंगळवारी ती चाकं निवडायला येऊ लागली. कॅटलॉगवर दोन डोकी वाकायची. रिम किती इंची, टायर किती रुंद, सगळं तिला दोन महिन्यांत पाठ झालं. पुन्हा विचारता यावं म्हणून ती अर्धं मुद्दाम विसरायची. आणि तो, वेडा, पुन्हा पहिल्यापासून सांगायचा.

अशात खंडव्याचं स्थळ ठरलं. लेकीबरोबर मोटारही द्यायची ठरली. मुंबईला चाकांची ऑर्डर पाठवायच्या दिवशी भानुमती एकटीच आली.

"जाडे टायर लिहा ना," ती हळूच म्हणाली. "मडगार्डला घासतील, परत पाठवावे लागतील... गाडीशिवाय ते लोक तारीख धरणार नाहीत. महिनाभर मिळाला तर मी आबासाहेबांशी बोलते. तुमच्याबद्दल."

त्याचा जन्म सार्थकी लागायला एक चुकीचा आकडा पुरे होता. पण हाडाचा मिस्त्री तो. घासतंय सांगूनही तारखेसाठी त्यांनी तशीच गाडी नेली तर? पुढे खंडव्याच्या वाटेवर सिमरोलचा घाट, वळणावर वळण, टायर फुटणार, आणि मागच्या सीटवर कोण बसलेलं असेल?

त्यानं बरोबर मापच लिहिलं, साडेचार-एकोणीस. कारण सांगायला तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, म्हणून गप्प राहिला. तिनं आकडा वाचला, "ठीक है," म्हणाली आणि पदर सावरून निघून गेली.

पाठवणीच्या दिवशी चाकाखाली नारळ ठेवायचं काम त्याच्याकडेच आलं, चाकं त्यानंच बसवली होती ना. तो वाकला तेव्हा खिडकीतून आवाज आला.

"घासत नाहीत ना?"

"नाही."

"मी महिनाच मागितला होता, बाळकृष्णजी."

त्यानं नारळावरची नजर काढली नाही. "घाटात तुम्ही आत असता... टायर फुटला असता, तुम्हाला काही झालं असतं, तर मी जगलो नसतो."

हिरव्या चुड्याचा हात खिडकीच्या काठावर आला.

"अहो, मग हे त्या दिवशी का नाही बोललात?"

पलीकडचं दार उघडलं, नवरदेव आत बसले. नारळ एका झटक्यात फुटला. मोटार गल्लीच्या टोकाला वळली, तेव्हा बाळकृष्णनं कान टवकारले. टायर कुठेच घासला नाही.