चुनखडीतलं जाळं

१९५७ सालच्या जानेवारीत आमच्या सर्वेक्षणाचा तळ सिरोंच्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, प्राणहितेला मिळणाऱ्या एका कोरड्या ओढ्याच्या काठी पडला होता. ओढ्यानं चुनखडीची दरड उभी कापली होती. तिचे पातळ, पिवळट थर एकावर एक रचल्यासारखे दिसत. कुठला थर किती जुना, हे ठरवणं माझं काम. त्यासाठी नुसता दगड पाहून भागत नाही; दगडात कोण मरून पडलंय ते पाहावं लागतं. इथली खूण होती माशाचा खवला. चौकोनी, जाड, नखाएवढा, काळ्या मुलाम्यानं चकाकणारा. तसले मासे सोळा कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्यांत होते, पुढं ते संपले. खवला सापडला की थराचं वय सापडलं.

खवले शोधण्यात मुखरूचा हात धरणारा कोणी नव्हता. तो वैनगंगेकाठच्या मार्कंड्याजवळचा ढिवर, पिढीजात मासेमार, चाळिशीतला, सामान वाहायला नि दगड फोडायला सर्वेक्षणाचा खलाशी म्हणून माझ्याबरोबर आलेला. दुपारच्या सुट्टीत पळसाखाली बसून तो जाळं विणत असे. त्याचा बाप लटारू अकरा वर्षांपूर्वी वैनगंगेच्या पुरात गेला, हे त्यानं असंच विणता विणता सांगितलं. प्रेत मिळालं नाही, जाळंही नाही. घरच्यांनी वर्षभर वाट पाहिली, मग गवताचा पुतळा जाळून तेरावं उरकलं. लटारू डावखुरा होता. त्याची गाठ उलट्या हाताची, वर एक जास्तीचा वेढा. ती गाठ गावात दुसऱ्या कुणाला जमली नाही, मुखरूलाही नाही.

एका सकाळी मुखरूनं छिन्नी मारून एक फरशी उकलली आणि तो तसाच बसून राहिला. मी जवळ गेलो. फरशीभर चौकोनी रेघा उमटल्या होत्या.

"साहेब, हे जाळं होय."

चिखल वाळला की अशा भेगा पडतात, असं मी त्याला समजावलं. मग भिंग लावलं. रेघांना पीळ होता. दर कोपऱ्यात एक गाठ होती, उलट्या हाताची, आणि गाठीवर एक जास्तीचा वेढा.

"माह्या बाबाची गाठ आहे," मुखरू हळू म्हणाला. "वैनगंगेत गेलेलं खाली प्राणहितेत येते, हे समजते मले. पण दगडात कसं गेलं, साहेब?"

मी एकेक शंका तपासली. भेगेत मागाहून चिखल भरला असेल म्हणावं, तर तिथं भेगच नव्हती. कुणी कोरलं असेल म्हणावं, तर आम्ही उकलेपर्यंत ती फरशी बंद होती. जाळ्याच्या वर खवले होते, खालीही होते. एका कोपऱ्यात तर अख्खा मासा अडकला होता, कल्ल्याशी धागा रुतलेला. संध्याकाळी मी दैनंदिनी उघडली, तारीख लिहिली आणि मिटून टाकली.

दुसऱ्या दिवसापासून मुखरूनं विणणं सोडलं. जेवणाची भाकरी तशीच राहू लागली. बोलावलं तरी तो दरडीपासून हलेना. दरड कोसळेल म्हणून मी तिथं खणायला मनाई केली. त्यानं ऐकलं, पण हात दगडावर ठेवून बसून राहिला. विचारलं तर म्हणाला, आत पाणी वाजतं. मीही कान लावला. दगड गार होता, एवढंच मला सांगता येईल. त्यानंतर मी पुन्हा कान लावला नाही.

पाचव्या दिवशी दरडीच्या पायथ्याशी ओल आली. आसपासच्या दोन विहिरी आटत आलेल्या, आणि इथं चुनखडीतून पाणी झिरपून पांढरा चिखल झाला होता. त्याला मासळीचा वास येत होता.

"चल मुखरू, आपण तळ हलवू," मी म्हणालो.

"तुम्ही व्हा पुढं. मी येतोच."

मी तंबू आवरायला वळलो. अर्ध्या तासानं परत आलो तर तो नव्हता.

हातोडा होता. छिन्नी होती.

चिखलात त्याची पावलं दरडीकडं गेली होती. एकही परत आलं नव्हतं.

शेवटच्या पावलाची फक्त टाच दिसत होती. बोटांचा भाग दगडाखाली होता.

पोलीस आले. जवळच्या गावांतली माणसं पाच दिवस रान तुडवत होती. मी पहारी लावून दरड खणवली, आत नुसता दगड लागला.

त्याच्या घरी कळवायला मीच गेलो. चामोर्शीपर्यंत मोटार, पुढं पायी. त्याची घोंगडी आणि अर्धवट जाळं माझ्या खांद्यावर होतं. अंगणात त्याची बायको गुणाबाई विळ्यावर मासे साफ करत होती. तिनं बाज टाकली. मी सगळं सांगितलं, चुकत, थांबत. ती रडली नाही.

"ते तं परवा येऊन गेले," ती म्हणाली. "आजही पहाटे आले होते. मासोळी टाकून गेले."

काही बोलला का, असं मी विचारलं.

"तिथं पाणी लय आहे म्हणे. आता इकडं जास्त राहता येत नाई." मग तिनं विळ्याकडं बोट दाखवलं. "पण ह्या मासोळीचे खवले निंघतच नाई, साहेब. विळ्याची धार गेली."

मी एक खवला उचलला. चौकोनी, जाड, काळा चकाकणारा. त्याच्या बुडाशी अजून ओलं कातडं होतं.

"मुखरू एकटाच येतो?"

गुणाबाईनं पदर सारखा केला आणि घरात हाक मारली, "आत्याबाई, साहेबाले पाणी आणा."

मुखरूची म्हातारी आई मनकर्णा लोटा घेऊन उंबऱ्याबाहेर आली. लोटा पुढं करताना तिच्या हातांतल्या कोऱ्या हिरव्या बांगड्या वाजल्या. कपाळावरचं कुंकू अजून ओलं होतं.